ओसरत्या पाण्याचे पाहुणे

वाईच्या वरच्या अंगाला कृष्णेवर बांधलेले धोम धरण पावसाळ्याच्या अखेरीस काठोकाठ भरलेले असते. त्या दिवसांत वाईकरांचे मनही भरलेले असते. वर्षभराच्या पिण्याच्या पाण्याची आणि शेताच्या पाळ्यांची बेगमी झालेली असते. पुढे दिवाळी सरते, संक्रांत येते, कालव्यांतून आवर्तने सुटू लागतात, आणि होळीच्या सुमारास जलाशयाच्या कडेने करड्या-तांबूस मातीचा एक पट्टा उघडा पडलेला दिसू लागतो. तो पट्टा दिवसेंदिवस रुंदावत जातो. वर्तमानपत्रातील धरणसाठ्याचे आकडे खाली येऊ लागले की वाचणाऱ्याच्या कपाळावर आठ्या पडतात. पाणी कमी होणे म्हणजे संकट जवळ येणे, हा आपल्या मुलखाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही.

तथापि, माणसाला ज्या पट्ट्याची भीती वाटते, त्याच पट्ट्याची वाट पाहणारे काही जीव आहेत. ओल्या चिखलाच्या कडेने शेपटी खालीवर हलवीत धावणारा तुतवार, चार पावले पळून एकदम थबकणारा कंठेरी चिखल्या, लाल लांब पायांचा शेकाट्या, आणि या सर्वांत लहान असा टिलवा. उंच झाडांवर हे पक्षी दिसत नाहीत, खोल पाण्यात पोहतानाही दिसत नाहीत. पाणी आणि जमीन यांच्या मधली जी अरुंद कडा असते, तीच त्यांची शेती आणि तेच त्यांचे कोठार. धरण पूर्ण भरलेले असताना ती कडा जवळजवळ नसतेच. धरण पूर्ण कोरडे पडल्यावरही ती राहत नाही. पाणी जेव्हा हळूहळू ओसरत असते, तेव्हाच ती असते.

यांतील टिलव्याचा विचार करावा. या पक्ष्याचे वजन साधारण पंचवीस ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या तीन नाण्यांहून किंचित अधिक. उत्तर ध्रुवाजवळच्या, सैबेरियातील वृक्षहीन थंड प्रदेशात त्याचा जन्म होतो. तेथील अल्पसा उन्हाळा संपताच तो दक्षिणेची वाट धरतो आणि मध्य आशिया ओलांडून भारतात उतरतो. सैबेरियाच्या उत्तर टोकापासून सातारा जिल्ह्यापर्यंतचे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजले तरी सहा हजार किलोमीटरच्या घरात जाते. पक्षी अर्थातच सरळ रेषेत येत नाहीत. वाटेत ठिकठिकाणी उतरत, खात, विसावत ते येतात. ज्या हवाई मार्गाने ते येतात त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग असे नाव असून तो तीस देशांवरून जातो. या तीस देशांपैकी एखाद्या ठिकाणचा थांबा मोडला, तर पुढचा संपूर्ण प्रवास अडचणीत येतो. साखळीची मजबुती तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते, हे येथे अक्षरशः खरे ठरते.

या कुळातील पक्ष्यांची ताकद किती असते, याची जगाला प्रचीती 2022 मध्ये आली. मळगुज्याच्या जातीचा एक अवघ्या काही महिन्यांचा पक्षी, अंगावर लहानसे उपग्रहयंत्र बसविलेला, अलास्कातून निघाला आणि अकरा दिवस कोठेही न उतरता सुमारे 13,560 किलोमीटर उडून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पोहोचला. वाटेत त्याने अन्न घेतले नाही, पाणी घेतले नाही. निघण्यापूर्वी अंगात साठविलेल्या चरबीवरच त्याने हे अंतर कापले. म्हणजे त्या उड्डाणाचे खरे श्रेय जितके पंखांना, तितकेच निघण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत ज्या चिखलाने त्याला खाऊ घातले त्या चिखलाला द्यावे लागते.

आपल्याकडे येणाऱ्या पक्ष्यांचेही गणित असेच आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते येऊ लागतात. त्या वेळी धरणे भरलेली असतात, त्यामुळे भातखाचरे, ओढ्यांचे काठ आणि लहान तळी यांच्यावर त्यांची गुजराण होते. हिवाळा ते येथे काढतात. मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या प्रवासाची तयारी सुरू होते, आणि त्या दिवसांत काही पक्ष्यांचे वजन दीडपटीने, क्वचित त्याहूनही अधिक वाढते. नेमके त्याच महिन्यांत महाराष्ट्रातील जलाशयांचे पाणी उतरत असते. निसर्गाने आणि पाटबंधारे खात्याने एकमेकांना न विचारता जुळवून आणलेला हा योग आहे.

हा योग कसा साधतो, हे समजण्यास थोडा हिशेब पुरेसा आहे. या पक्ष्यांपैकी बहुतेकांना दहा सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण अर्ध्या वितीपेक्षा कमी खोल पाणी लागते. टिलव्यासारख्या छोट्यांना तर दोन बोटे पाणी किंवा नुसता ओला चिखलच हवा. आता समजा, एखाद्या तलावाचा तळ अगदी सपाट आहे आणि शंभर मीटर आत गेल्यावर तो एक मीटर खोल होतो. अशा ठिकाणी दहा सेंटिमीटरपर्यंत खोलीचा पट्टा दहा मीटर रुंद मिळतो, आणि पाणी रोज दोन सेंटिमीटर उतरले तर दररोज दोन मीटर नवा चिखल उघडा पडतो. तेच काठ तीव्र उताराचे असतील, पाच मीटरला एक मीटर खोल होत असतील, तर पक्ष्यांना उपयोगी पट्टा उरतो अवघा अर्धा मीटर. म्हणून प्रचंड धरणाचे डोंगरकडेचे काठ ओस असतात आणि लहानशा, उथळ गावतळ्यावर शेकडो पक्षी दिसतात. मोठ्या धरणांतही पक्षी जमतात ते फुगवट्याच्या टोकाला, जेथे नदी गाळ आणून टाकते आणि तळ सपाट होतो.

या चिखलात काय असते? डासासारख्या दिसणाऱ्या, परंतु न चावणाऱ्या माशांच्या तांबड्या अळ्या, बारीक कृमी, लहान शिंपले आणि पाणकिडे. पाणी असताना ते तळाच्या गाळात वाढतात. पाणी ओसरल्यावर काही दिवस चिखल मऊ राहतो, तोवर पक्ष्यांच्या चोचीला ते सापडतात. त्यानंतर उन्हाने पापुद्रा धरतो, भेगा पडतात आणि ते अन्न संपते. म्हणून पाणी संथपणे उतरणे महत्त्वाचे. रोज थोडा नवा पट्टा उघडत गेला, तर रोजचा शिधा रोज मिळतो. एकाच आठवड्यात पाणी वेगाने खाली गेले, तर सारा चिखल एकदम उघडा पडून एकदमच वाळतो. महिनाभराचे अन्न चार दिवसांच्या मेजवानीत उधळले जाते. महिन्याचा पगार पहिल्या आठवड्यात संपविणाऱ्या घराची जी गत होते, तीच मग या पक्ष्यांची होते.

चोचींची लांबी वेगवेगळी असल्याने एकाच पट्ट्यात अनेकांची सोय होते. टिलवा वरच्या थरातले टिपतो, मळगुजा लांब चोच खोल खुपसतो, शेकाट्या पाण्यात उभा राहून पृष्ठभागावरचे वेचतो. कोणी कोणाच्या ताटातले ओढीत नाही. पाण्याची खोली जागोजागी निराळी असेल तरच हे शक्य होते, आणि ती तशी असते ओसरत्या पाण्यात.

महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे भीमेवरील उजनी. या धरणाची क्षमता सुमारे 117 टीएमसी असून त्यातील निम्म्याहून अधिक साठा मृतसाठा म्हणून गणला जातो. उपयुक्त साठा संपल्यावरही पाणी उतरतच राहते, आणि वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे’ असा मथळा येतो. 2024 च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला होता. माणसांच्या खातेवहीत शिल्लक वजा होत जाते तशी भिगवणच्या परिसरात पक्ष्यांच्या खात्यावर जमा होत जाते. रोहित पक्ष्यांचे थवे पाहण्यास तेथे माणसांची रीघ लागते. त्या गुलाबी थव्यांच्या पायाशी चिखलात धावणाऱ्या करड्या टिलव्यांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

दुसरे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरचे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी अमदानीत एक दगडी बंधारा बांधला गेला. उद्देश केवळ सिंचनाचा. गंगापूर आणि दारणा धरणांतून सोडलेले पाणी येथे अडवायचे आणि कालव्यांत वळवायचे. वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटे आणि चिखलाचे सपाट पट्टे तयार झाले, आणि आवर्तनानुसार पातळी वरखाली होत राहिल्याने तेथे पक्ष्यांचे नंदनवन उभे राहिले. डॉ. सालिम अली यांनी त्यास महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले आणि जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. अभियंत्याच्या दृष्टीने गाळाने निकामी होत चाललेला बंधारा पक्ष्यांच्या दृष्टीने मोलाचा ठरला.

सातारा जिल्ह्यातही असे स्थळ आहे. खटाव तालुक्यातील मायणीचा तलाव जुन्या काळापासून परदेशी पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. येरळवाडी, सूर्याचीवाडी ही त्याच परिसरातील पाणस्थळे. 2021 मध्ये राज्य शासनाने मायणी परिसराला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. हा भाग पर्जन्यछायेचा आणि कायम दुष्काळी. येथील तलाव उथळ, पसरट, पावसाळ्यात भरणारे आणि उन्हाळ्यात आटणारे, म्हणजे पक्ष्यांना हवे तसेच. दुष्काळी जनतेच्या दीर्घ प्रतीक्षेनंतर आता जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचे पाणी उचलून खटावच्या नेर तलावाकडे नेले जाते. वाईच्या घाटांखालून वाहत गेलेलेच हे पाणी. ते खटावात पोहोचले याचा आनंद प्रत्येक सुजाण माणसाला व्हायला हवा. ज्या घरातील स्त्रीने डोक्यावर हंडा घेऊन मैलभर पायपीट केली, तिच्यापुढे टिलव्याची कैफियत मांडताना शब्द जपूनच वापरावे लागतात.

परंतु एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात आटणारा तलाव बारमाही काठोकाठ राहू लागला, तर तेथील चिखलाची कडा नाहीशी होते. पाणी वाढले, पाणपक्षीही कदाचित वाढतील. बदके येतील, पाणकावळे येतील. परंतु चिखलात चरणारे निघून जातील. म्हणून पाण्याचे प्रमाण जसे ठरविले जाते, तसे त्याच्या चढउताराचे वेळापत्रकही ठरविले पाहिजे. पक्ष्यांसाठी स्वतंत्र पाणी राखून ठेवा, अशी मागणी येथे नाही. जे पाणी शेतीसाठी सोडायचेच आहे, ते कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या गतीने उतरवावे, एवढाच हा प्रश्न आहे.

हे वेळापत्रक ठरविणारी व्यवस्था महाराष्ट्रात आधीपासून आहे. सिंचनाचे वर्ष तीन हंगामांत विभागलेले असते: 1 जुलै ते 14 ऑक्टोबर खरीप, 15 ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर रब्बी, आणि 1 मार्च ते 30 जून उन्हाळी. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनांच्या तारखा ठरतात. तेथे पिण्याच्या पाण्याचा, उसाचा, ज्वारीचा, कारखान्यांचा विचार होतो. तो व्हायलाच हवा. त्या यादीत एक ओळ वाढविता येईल: मार्च-एप्रिलमध्ये शक्य तेथे पातळी एकदम न उतरविता टप्प्याटप्प्याने उतरवावी, आणि उतरलेली पातळी मध्येच वर चढू देऊ नये. हे दुसरे वाक्य स्थानिक पक्ष्यांसाठी आहे. टिटवी, नदी सुरय आणि आर्ली हे पक्षी उन्हाळ्यात उघड्या वाळूवर आणि बेटांवर अंडी घालतात. खाली नदीत अचानक मोठा विसर्ग झाला, की अंडी आणि पिले एका रात्रीत वाहून जातात. कोणाचाही तसा हेतू नसतो. हिशेबात ती ओळच नसते.

येथे कायद्याची एक विसंगती दिसते. केंद्र शासनाच्या 2017 च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय ‘पाणथळ’ या व्याख्येतून वगळलेले आहेत. म्हणजे धोमचा फुगवटा पक्ष्यांना पाणथळ वाटतो, नियमांना वाटत नाही. नांदूर मधमेश्वरसारख्या एखाद्या ठिकाणाला स्वतंत्र दर्जा मिळतो. बाकी शेकडो तलावांचे भवितव्य मात्र कायद्यापेक्षा त्या-त्या गावाच्या समंजसपणावरच अवलंबून राहते.

त्या समंजसपणाची खरी कसोटी गाळपेर जमिनीवर लागते. धरणाचे पाणी उतरल्यावर जी गाळाची जमीन उघडी पडते, ती हंगामापुरती कसण्यास दिली जाते. धरणात ज्यांच्या जमिनी बुडाल्या, अशा कुटुंबांना त्यात अग्रक्रम असतो. गाळ सुपीक असतो, ओल असते, खताचा खर्च कमी असतो. कलिंगड, काकडी, भुईमूग, चारा असे काही पदरात पडते. ज्या माणसाच्या वडिलांचे शेत त्याच पाण्याखाली गेले, तो त्या चिखलावर नांगर धरतो तेव्हा त्याला पक्ष्यांचा शत्रू म्हणणे अन्यायाचे होईल. पक्ष्यांच्या आधी त्या जमिनीवर त्याचा हक्क आहे. उपाय शोधायचा तो त्याचा हक्क हिरावून नव्हे, त्याला सोबत घेऊनच.

सक्तीने काय होते, हे राजस्थानात भरतपूरने दाखविले. तेथील केवलादेव उद्यानाचे पाणलोट मानवनिर्मितच. शेजारच्या अजान बांधातून पावसाळ्यात पाणी सोडून उथळ खोलगट भाग भरले जात. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर गुरे चारण्यावर संपूर्ण बंदी आली. त्यातून संघर्ष पेटला, पोलिसांच्या गोळीबारात ग्रामस्थांचे प्राण गेले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घकालीन अभ्यासातून असे दिसले, की म्हशी बंद झाल्याने पाण्यातील गवत अनिर्बंध माजले आणि पक्ष्यांना हवे असलेले उघडे पाणीच गुदमरले. ज्यांना शत्रू मानून बाहेर काढले, त्या म्हशी नकळत पक्ष्यांसाठी जागा मोकळी ठेवीत होत्या. हात न लावणे म्हणजेच रक्षण, हा समज तेथे खोटा ठरला. कधी हात लावावा आणि कधी आवरावा, हे कळणे म्हणजे रक्षण.

यापेक्षा शहाणा मार्ग अमेरिकेतील कॅलिफोर्नियात सापडला. तेथील मध्य खोऱ्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक पाणथळी शेती आणि शहरांखाली गेल्या होत्या. जमीन विकत घेऊन पक्ष्यांना देणे आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा 2014 मध्ये ‘द नेचर कन्झर्व्हन्सी’ या संस्थेने एक व्यवहारी युक्ती केली. हजारो पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून कोणत्या आठवड्यात कोठे पक्षी उतरतात हे ठरविले, आणि त्या भागातील भात पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना विचारले: कापणीनंतर मोकळ्या असलेल्या तुमच्या खाचरात काही आठवडे उथळ पाणी ठेवण्यास तुम्ही किती मोबदला घ्याल? शेतकऱ्यांनी आपापले भाव दिले. पक्ष्यांच्या दृष्टीने सोयीची आणि दराने परवडणारी शेते निवडली गेली. मुदत संपली की पाणी सोडून दिले आणि शेतकरी पुढच्या पेरणीस मोकळा झाला. अशा भाड्याच्या शेतांत पक्षी मोठ्या संख्येने उतरले.

या प्रयोगाचे मर्म असे की, फिरत्या पाहुण्याला मालकीहक्काचे घर लागत नाही. त्याला ठरावीक मुदतीचा निवारा पुरतो. महाराष्ट्रात पक्ष्यांसाठी उन्हाळ्यात शेते पाण्याने भरणे शक्य नाही आणि तसे सुचविणेही अविचाराचे होईल. मात्र कॅलिफोर्नियात जसे मुदतीने पाणी घेतले, तसा येथे मुदतीने चिखल घेता येईल. गाळपेर जमिनीपैकी फुगवट्याच्या टोकाचा, सर्वांत सपाट असा एखादा पट्टा एप्रिलअखेरपर्यंत नांगरायचा नाही, आणि त्या काही आठवड्यांत बुडालेल्या पिकाची भरपाई त्या कुटुंबाला आधी ठरवून, वेळेवर आणि सन्मानाने द्यायची. रक्कम मोठी नसेल. परंतु ती दान म्हणून न देता मोबदला म्हणून दिली गेली, तर तोच शेतकरी त्या पट्ट्याचा सर्वांत जागरूक राखणदार होईल. मोकाट कुत्री हाकलणे, जाळी लावणाऱ्यांना अडविणे, गाड्या काठापर्यंत नेणाऱ्या हौशी मंडळींना दटावणे ही कामे त्याच्याइतकी चांगली दुसरे कोणी करू शकणार नाही.

असाच विचार गाळ काढण्याबाबत हवा. 2017 पासून राबविल्या गेलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने तलावांची साठवण वाढते आणि शेताला कसदार माती मिळते. योजना हिताचीच आहे. केवळ यंत्राने खोदताना सगळीकडे उभे काठ करू नयेत. बांधाजवळचा भाग हवा तितका खोल करावा, आणि ओढा तलावास मिळतो त्या बाजूचा उतार पसरट राहू द्यावा. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे त्या एका बाजूवर पक्ष्यांचा सारा हंगाम अवलंबून असतो. पाणी साठविण्याच्या दृष्टीने त्या उथळ कडेचा वाटा तसाही अल्पच असतो.

जीवदया हा ज्या घरांत रोजच्या आचरणाचा भाग आहे, त्या घरांना या विषयात एक विशेष प्रश्न पडणे साहजिक आहे. पक्ष्यांवरील दया म्हटली की मूठभर धान्य आणि पाण्याचे कुंडे एवढेच डोळ्यांपुढे येते. उन्हाळ्यात अंगणातील चिमणीला ते उपयोगीही असते. परंतु टिलवा दाणे खात नाही. त्याच्यापुढे ज्वारीचे पोते ओतले तरी तो उपाशीच राहील. जलाशयांवर येणाऱ्या कुरव पक्ष्यांना सहलीला आलेली मंडळी शेव-गाठी उधळतात, तेही त्यांचे अन्न नव्हे. त्याने त्यांची सवय बिघडते आणि प्रकृतीही. ज्याच्यावर दया करायची त्याची गरज आधी समजून घेतली नाही, तर ती दया आपल्याच समाधानापुरती उरते.

हे पक्षी कृमी-अळ्या खातात, मग त्यांची सोय करणे म्हणजे एका जीवासाठी दुसऱ्याचा घात नव्हे काय, असेही कोणी विचारील. शंका प्रामाणिक आहे. परंतु येथे माणूस कोणास मारीत नाही, कोणास पकडून कोणापुढे टाकीत नाही. जीव जीवाच्या आधाराने राहतो, ही व्यवस्था माणसाने घडविलेली नाही. माणसाने घडविली आहेत ती धरणे, कालवे आणि त्यांच्या दारांचे वेळापत्रक. नद्यांच्या मोकळ्या काठांवर पूर्वी जो चिखल आपोआप मिळत असे, तो आता दारे उघडझाप करणाऱ्या हातांत आला आहे. ज्या गोष्टीचा ताबा आपण घेतला, तिची जबाबदारीही आपल्याकडे आली. अहिंसेचा अर्थ न मारणे एवढाच घेतला तर येथे काही करण्यासारखे नाही. आपल्या सोयीमुळे दुसऱ्याची वाट बंद होऊ नये, इथवर तो नेला तर करण्यासारखे पुष्कळ आहे.

करण्यासारखे ते फार अवघडही नाही. दर जानेवारीत आशिया खंडभर पाणपक्ष्यांची गणना होते. 1987 पासून ती चालू आहे. आपल्या गावच्या तळ्यावर त्या दिवशी दोन तास बसून नोंद करणे शाळेतल्या मुलांनाही जमते. मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’सारखा ग्रंथ घरात असेल, तर नातवंडांना मराठी नावांनी पक्षी ओळखता येतात. नोंदी असतील तरच कालवा समितीपुढे कोणी सांगू शकेल, की अमुक तलावावर अमुक आठवड्यात इतके पक्षी असतात. नोंदीवाचून केलेली मागणी ही पावतीवाचून केलेल्या दाव्यासारखी असते. सांगली-सातारा भागातील ज्या शेतकरी कुटुंबांची जमीन तलावाकाठी आहे, त्यांना तर आपल्या पट्ट्यापुरता हा प्रयोग कोणाच्या परवानगीवाचून करता येईल: एक कोपरा सपाट, ओला आणि वैशाखाच्या आरंभापर्यंत अस्पर्श ठेवणे. ज्या संस्थांकडे जीवदयेचा निधी जमतो, त्यांनी त्यातील लहानसा भाग गाळपेर शेतकऱ्यांच्या भरपाईकडे वळविण्याचा विचार करावा. दाण्यावर खर्च होणाऱ्या रुपयाइतकाच तोही सत्कारणी लागेल.

मे महिन्याच्या मध्यापर्यंत बहुतेक टिलवे निघून गेलेले असतात. तोपर्यंत धोमचे पाणी बरेच खाली गेलेले असते, चिखल तडकलेला असतो आणि सर्वांचे डोळे आकाशाकडे लागलेले असतात. पहिला पाऊस कृष्णेच्या खोऱ्यात उतरतो तेव्हा तिकडे सैबेरियात बर्फ वितळून त्या तीन नाण्यांच्या वजनाच्या पक्ष्याने अंडी घातलेली असतात. त्या अंड्यांतला काही अंश महाराष्ट्रातल्या एखाद्या तलावाकाठी वाळायचे थोडे लांबलेल्या चिखलाचा असतो.